नवा उद्योग आणि माणसांची पारख

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वरवट बकाल येथे केलेले भाषण)



नवा उद्योग काढणाऱ्या तरुणांच्या अंगी कोणते नेतृत्वगुण व कोणते व्यवस्थापनकौशल्य असावे, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. ज्याने जन्मात कधी पानाची टपरीही चालविली नाही, ज्याचे शिक्षण मॅट्रिक व त्यापुढे अध्यापनाचे प्रशिक्षण एवढेच, आणि ज्याने सारी हयात प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात घालविली, त्याने उद्योगधंद्यावर काय बोलावे? परंतु चिटणीस आमचे जुने विद्यार्थी आहेत. पाढे म्हणून घेणाऱ्या गुरुजींकडून आता भाषण करवून घेण्याचा त्यांचा आग्रह आम्हांस मोडवेना.

दुसरेही एक कारण आहे आणि तेच खरे. मंडळाने यंदा नवउद्योगासाठी सहाय्य निधी उभारण्याचे ठरविले आहे व त्याच्या नियमांचा कच्चा मसुदा सभासदांकडे धाडला आहे. त्यांतील दोन नियम वाचून आम्हांस आमचीच एक जुनी चूक आठवली. ती सांगितल्यावाचून आम्हांस स्वस्थ वाटणार नाही.

'स्टार्टअप' हा शब्द आता आपल्या गावच्या एस. टी. थांब्यावरही ऐकू येतो. केंद्र सरकारने २०१५ साली मुद्रा योजना काढली, २०१६ साली 'स्टार्टअप इंडिया' सुरू केली, आणि तेव्हापासून आपल्या मुलांच्या तोंडी नोकरीच्या जोडीला धंद्याची भाषा आली. ही गोष्ट चांगली आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा आपला हा मुलूख कापूस, तूर, सोयाबीन पिकवितो; पण कापसाचा धागा, तुरीची डाळ आणि सोयाबीनचे तेल बहुधा दुसऱ्याच्या गावी होते. त्यात खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी खारे, ते ना पिण्यास धड ना पिकास. अशा ठिकाणी मुलांनी काही नवे काढावयाचे म्हटले, तर त्यांच्या पाठीवर हात ठेवणे हे आपले कामच आहे. तथापि भांडवल कोठून मिळेल, अनुदान किती, अर्ज कोठे करावयाचा, एवढ्यावरच सारी चर्चा थांबते. भांडवल आल्यावर माणसे कशी मिळवावयाची व मिळालेली कशी टिकवावयाची, याविषयी कोणी बोलत नाही. आम्ही तेवढ्याचपुरते बोलणार आहो.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा दहावीस दोनदा नापास झाला होता. लहानपणी शाळेचा हातपंप बिघडला की हा वर्ग सोडून पंपापाशी उभा राही, आणि त्याबद्दल आम्ही त्याला कितीदा अंगठे धरून उभे केले असेल याची गणती नाही. पुढे त्याने वेल्डिंग शिकून घेतले व लहानसा कारखाना काढण्यासाठी एका पतसंस्थेकडे कर्ज मागितले. जामीन हवा होता. तो कागद घेऊन आमच्या ओसरीवर आला. आम्ही त्याला चहा दिला आणि कागद परत दिला. "अगोदर दहावी तरी हो," असे आम्ही म्हणालो. तो काही बोलला नाही. चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवून निघून गेला. ती कपबशी आम्हांस अजून आठवते.

त्याने कर्ज दुसरीकडून, अधिक व्याजाने, मिळविले. आज त्याच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणीयंत्रे व कोळपी तयार होतात आणि अकरा माणसे कामाला आहेत. दोन वर्षांपूर्वी तो पुन्हा आमच्या ओसरीवर आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याचा सर्वांत चांगला वेल्डर काम सोडून गेला होता आणि त्याच्या मागोमाग आणखी दोघे जाण्याच्या बेतात होते. पगार थकलेला नव्हता, मागणी भरपूर होती, तरी माणसे टिकत नव्हती. तो म्हणाला, "गुर्जी, मशीन बिघडली त मी खोलून पाह्यतो. मानूस बिघडला त काय खोलू?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. म्हणून आम्ही वाचावयास बसलो. वाचता वाचता लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी येऊन थांबलो. त्यांचे नाव आपल्या शेतकरी घरांस नवे नाही. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात हराळी आणि कुंदा उपटून काढावयाचा म्हणजे लोखंडी नांगर लागे, आणि लोखंडी नांगर म्हटला की वडील माणसे किर्लोस्करांचेच नाव घेत. पण तो नांगर ज्या माणसांनी घडविला त्या माणसांची हकीकत आम्ही प्रथमच नीट वाचली.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, पण त्यांच्या डोळ्यांस काही रंग नीट ओळखू येत नसत, म्हणून रंगकाम सोडून त्यांनी यंत्रांच्या आकृत्या काढण्याचा मार्ग धरला. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेत ते शिक्षक झाले. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्यास पुढे केले गेले. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावास आपले बंधू रामूअण्णा यांच्याकडे आले. तेथे दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. त्या दुकानातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि मग लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. आमच्या तरुण मित्रांनी या दोन वर्षांवर थोडे थांबावे. हल्ली सहा महिन्यांत गिऱ्हाईक आले नाही की भागीदार एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. तेथे मात्र कडब्याचे यंत्र लोक घेत होते, कारण त्याचा उपयोग डोळ्यांना दिसत होता. त्याच्या आधाराने नांगराने वाट पाहिली. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा रिकामी करावयास सांगितली. उभे केलेले सारे मोडून कोठे जावयाचे हा प्रश्न पडला, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली व १०,००० रुपये कर्ज दिले. ती जागा आज सांगली जिल्ह्यात येते. १९१० च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन त्या निवडुंगाच्या आणि नागसापांच्या माळावर उतरले. हीच किर्लोस्करवाडी. आपल्या शेजारच्या शेगावी श्रीगजाननमहाराजांनी समाधी घेतली तेही वर्ष १९१०च. त्यामुळे ते आमच्या चांगले लक्षात राहिले.

आता त्या माळावर कोण कोण उतरले ते पाहा. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी व कारभार पाहिला. शंभूराव जांभेकर यंत्रकाम व कामगार सांभाळीत आणि अडले नडले की लोक त्यांच्याकडेच धाव घेत. के. के. कुलकर्णी हे परीक्षेत अपयशी ठरलेले गृहस्थ. पण पडेल ती व्यवस्था तेच पाहत. मंगेशराव रेगे यांनी कारकुनी व हिशेब धरला. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, आणि नवीन यंत्राची कल्पना सुचावी ती त्यांनाच. आणि पहाऱ्यावर कोण होते? दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेली दोन माणसे. वसाहतीची राखण त्यांच्या भरवशावर होती.

बंधुभगिनींनो, ही यादी आम्ही शाळामास्तराच्या नजरेने पुन्हा वाचली आणि आम्हांस लाज वाटली. यांतील काही जणांना आमच्या हजेरीपटात 'नापास' असा शेरा मिळाला असता आणि दोघांना तर आम्ही अंगणातही येऊ दिले नसते. लक्ष्मणरावांना ही नजर कोठून आली असेल? आमचा आपला तर्क असा की, ज्याला रंग ओळखता येत नाहीत म्हणून एका कामातून बाजूस व्हावे लागले आणि जो दुसऱ्या कामात एवढा मोठा ठरला, त्याला एक गोष्ट स्वतःच्या देहावरून कळली होती. माणूस एका कामास नालायक असला म्हणजे सगळ्याच कामांस नालायक ठरत नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्ही ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "गुर्जी, माणसं माह्याकडे बी अशीच हायेत. मंग थे पयून काऊन जातेत?" मग आम्ही एक संपूर्ण दिवस त्याच्या कारखान्यात बाकावर बसून काढला. पर्यवेक्षक शाळातपासणीस येत, तसे. जे दिसले ते असे. प्रत्येक सांधा तो स्वतः तपाशी. वेल्डर काम पुरे करून हात पुसतो न पुसतो, तोच हा येऊन त्यावर पुन्हा हातोडी चालवी. चूक निघाली की गिऱ्हाइकादेखत बोले. आणि दुपारी मालाच्या वसुलीसाठी तो दोन तास बाहेर गेला, तर अकराच्या अकरा माणसे बसून राहिली. कारण पुढचे काम कोणते हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात होते. कारखाना अकरा जणांचा, आणि चालत होता एका माणसाच्या हातापायांवर.

हे दृश्य आमच्या परिचयाचे होते. आम्ही बरीच वर्षे द्विशिक्षकी शाळेत काढली. दोन शिक्षक, चार इयत्ता. त्यांतील एक शिक्षक सभेला, जनगणनेला, नाही तर निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकट्याच्या अंगावर. नव्याने आलेला शिक्षक पहिल्या महिन्यात या खोलीतून त्या खोलीत नुसता धावत सुटतो, आणि ज्या खोलीत तो नसतो तेथे गोंधळ होतो. जुना शिक्षक धावत नाही. पहिलीला पाटीवर काम देऊन तो मग तिसरीकडे जातो. चौथीच्या एखाद्या जबाबदार मुलीस दुसरीच्या मुलांचे वाचन ऐकावयास बसवितो. आणि त्या मुलीने एखादा शब्द चुकीचा ऐकला, तरी मुलांसमोर तिला टोकत नाही; मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगतो. कारण मुलांसमोर तिला टोकले, की दुसऱ्या दिवशी तिचे कोणी ऐकत नाही आणि शिक्षकाच्या मागे पुन्हा चार खोल्यांची धावपळ लागते. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला मोठी नावे असतील. आम्ही त्याला वर्ग लावून देणे म्हणत असू.

तेच आम्ही त्याला करावयास सांगितले. दुसऱ्या दिवशीचे काम आदल्या संध्याकाळी भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवावे. पेरणीयंत्रे एकाकडे, ट्रॉल्या दुसऱ्याकडे सोपवाव्या. ज्याच्याकडे काम, त्यानेच ते तपासावे आणि त्यावर खडूने आपली खूण करावी. मालकाने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी पाहावे. चूक सांगावयाची ती चहाच्या वेळी, एकट्याला. हे ऐकून त्याची मुद्रा, स्वतःची म्हैस दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या माणसासारखी झाली. पहिल्या महिन्यात दोन ट्रॉल्या वाकड्या निघाल्या, त्याचे नुकसान झाले, आणि त्याने ते आम्हांस फोन करून ऐकविले. ते आम्ही ऐकून घेतले.

पैशाविषयी थोडे बोलतो. येथे दूर जावयास नको. शेगावकडे पाहिले तरी पुरे. संस्थानचे कैलासवासी शिवशंकरभाऊ पाटील २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेले. संस्थानचा एवढा मोठा कारभार त्यांनी सांभाळला. परंतु संस्थानचे पाणीदेखील ते स्वतःसाठी घेत नसत, असे आपल्या भागात घरोघर सांगितले जाते. वेतन न घेता पाळीपाळीने येणारे सेवेकरी तेथे जोडे सांभाळण्यापासून पंगत वाढण्यापर्यंत सर्व कामे ज्या टापटिपीने करतात, त्यामागे हेही एक कारण असावे, असे आम्हांस वाटते. वरचा माणूस घेत नाही, हे खालच्या माणसास दिसत असते. धंद्यात नफा घ्यावयाचाच आहे, संन्यास घ्यावयाचा नाही. पण मालकाने स्वतःचा दरमहाचा आकडा ठरवून तेवढाच उचलावा. आमच्या पाहण्यात चार मित्रांनी मिळून डाळीचा धंदा काढला. तो बाजारभावाने बुडाला नाही. एकाच्या बहिणीच्या लग्नात गल्ल्यातून पैसे गेले, त्याची चिठ्ठी कोणी लिहिली नाही, आणि मग उरलेल्या तिघांनीही आपापल्या अडचणी काढल्या. त्यांचे भागीदारीपत्रच झाले नव्हते. मित्रांमध्ये कागद कशाला, असे ते म्हणाले होते. आज ते एकमेकांच्या मुलांच्या बारशासही जात नाहीत. रोजकीर्द रोज लिहावी, उधारीची वही वेगळी ठेवावी, आणि कर्ज मिळाल्याबरोबर पहिली खरेदी चारचाकीची करू नये, एवढेच आम्ही या बाबतीत सांगतो. अधिक सांगावयास आम्ही हिशेबनीस नाही.

आता मसुद्यातील त्या दोन नियमांकडे येतो. येथे आम्ही काहीसे अप्रिय बोलणार आहो. वयाकडे पाहून क्षमा करावी.

पहिला नियम असा आहे की, सहाय्य मागणारा तरुण किमान पदवीधर असावा. हेतू चांगला आहे. मुले शिकावीत, हाच. परंतु या नियमाने अनंतराव फळणीकर बाहेर राहतात, आमचा विद्यार्थी बाहेर राहतो आणि, सांगावयास हरकत नाही, आम्हीही बाहेरच राहतो. अर्जदाराने काय शिकले याबरोबर काय केले ते पाहावे. त्याने घडविलेली एखादी वस्तू, निदान सहा महिन्यांची वही आणि त्याच्या हाताखाली काम केलेल्या दोन माणसांची साक्ष मागावी. गुणपत्रिकेपेक्षा ही माहिती मिळविणे कठीण आहे हे आम्ही जाणतो. कार्यकारिणीच्या सभासदांना त्यासाठी गावोगावी जावे लागेल.

दुसरा नियम असा की, सहाय्य घेणाऱ्याने आपल्या उद्योगात शक्यतो आपल्याच समाजातील माणसे कामास ठेवावीत. हे मंडळ ज्ञातीचे आहे, निधी ज्ञातीच्या वर्गणीचा आहे, तेव्हा ही भावना समजण्यासारखी आहे. पण किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही आणि माणसे निवडली ती कामावरून. आमच्या विद्यार्थ्याच्या अकरा माणसांत आपल्या समाजाचे तिघे आहेत. त्याच्याकडे आज जो माणूस पेरणीयंत्रांचे काम पाहतो, तो आपल्या समाजाचा नाही आणि आपल्या धर्माचाही नाही. पण त्याच्या हातचा सांधा शेतात उघडत नाही. हा नियम लागू केला तर त्या माणसाला काढावे लागेल, अथवा आमच्या विद्यार्थ्याने आपल्या मंडळाकडे येऊ नये, असा अर्थ होईल. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. नात्यातला माणूस कामास ठेवला म्हणजे त्याला चूक सांगता येत नाही. सांगितली तर ती लग्नाच्या मांडवात निघते. हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, मग ज्ञातीने काय करावे? ज्ञातीपाशी एक गोष्ट अशी आहे जी बँकेपाशी नाही: ज्ञाती माणसाला लहानपणापासून ओळखते. पंतप्रतिनिधींनी १०,००० रुपये दिले. पण नांगराचा कारखाना स्वतःच्या माणसांनी भरावा, असा हट्ट त्यांनी धरल्याचे आमच्या वाचनात नाही. त्यांनी उपरा माणूस पारखला, जमीन दिली, आणि काम त्याच्यावर सोडले. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे थांबले तेव्हा या नांगरांना मागणी वाढली. पुढे उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंपही त्या वाडीत होऊ लागले. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढले, त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. ते आपल्या आजोबांच्या पिढीने वाचले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून यंत्रविद्या शिकून १९२६ साली परतले आणि त्यांनी १९४६ साली पुण्यास तेलावरची इंजिने बनविण्याचा कारखाना काढला. लक्ष्मणराव १९५६ साली वारले. एवढे सारे १९१० च्या त्या माळावर कोणाला दिसत असेल असे आम्हांस वाटत नाही. दिसत होती ती पंचवीस माणसे.

म्हणून आमची कार्यकारिणीस विनंती आहे की, हे दोन्ही नियम मंजूर करण्यापूर्वी पुन्हा विचारार्थ घ्यावेत, आणि त्यांच्याऐवजी दर तीन महिन्यांनी हिशेबाची वही दाखविण्याचा एकच नियम कडक ठेवावा.

गेल्या महिन्यात आम्ही न कळविता त्या कारखान्यात गेलो होतो. मालक दोन दिवस अकोल्यास सामान आणावयास गेला होता. शटर उघडे होते, फळ्यावर त्या दिवसाचे काम लिहिलेले होते, आणि अक्षर मालकाचे नव्हते. सोडून गेलेला वेल्डर परत आलेला नाही. त्याने स्वतःचे दुकान काढले आहे, आणि तेही बरे चालले आहे असे कळते.

यंदा आमचा विद्यार्थी दुसरे यंत्र घेत आहे. त्याच्या कर्जाच्या कागदावर या खेपेस जामीन म्हणून आम्ही सही केली आहे. निधीच्या नियमांवर आम्ही मत देताना कार्यकारिणीस ही गोष्ट माहीत असावी, म्हणून येथे सांगून ठेवतो.